चुकांची कोरी वही

मी हॉस्पिटलमधल्या एका वॉर्डाची हेड सिस्टर. वॉर्डात मला पाठीमागे ‘कर्फ्यू’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. मी दारातून आत आले की गप्पा थांबत, चादरी सरळ होत, आणि पेशंटचे नातेवाईकसुद्धा कॉटवरून उठून उभे राहत. माझ्या टेबलाच्या खणात चुकांची वही असते. कुणाच्या हातून काही चुकलं तर तिच्यात लिहायचं, असा हॉस्पिटलचा नियम आहे. माझ्या नऊ वर्षांत तिच्यात एक ओळ पडली नव्हती. शेजारच्या वॉर्डाची वही भरून दुसरी लागली, यावरून मी त्यांना भरपूर टोमणे मारले आहेत. पुढच्या महिन्यात मेट्रनच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं, तेही या कोऱ्या वहीच्या जोरावर.

त्या दिवशी सकाळी आठला मी गोळ्या वाटत होते. मागे आमची सगळ्यांत नवी सिस्टर चालत होती. आवाज एवढासा, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. तिला मी रोजचा पाढा ऐकवत होते.

“आधी पेशंटला नाव विचारायचं. मग मनगटावरची पट्टी वाचायची. मग गोळी. नुसता कॉटचा नंबर बघून गोळी देणारी मला माझ्या वॉर्डात नको, कळलं?”

हे सगळं मी मान मागे वळवून सांगितलं, आणि सांगता सांगता पाच नंबरच्या कॉटवरून पुढे आलेल्या हातात पाच नंबरची गोळी ठेवली.

पाच नंबरला एक बस ड्रायव्हर होते. पाय सुजलेले, म्हणून त्यांना लघवी मोकळी करणारी गोळी होती. पण त्या सकाळी त्या कॉटवर ते नव्हतेच. चार नंबरला हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ होते, त्यांना सकाळची गोळीच नव्हती. त्यांना खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं घड्याळ दिसे, आणि ते सात मिनिटं मागे होतं. तीन दिवस बिचाऱ्यांनी सोसलं. चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी ड्रायव्हरना गळ घातली आणि दोघांनी गुपचूप कॉट बदलल्या.

नऊच्या सुमाराला घड्याळवाले एका हाताने टाके धरून बाथरूमकडे निघाले होते. त्यांच्या बायकोने जाहीर केलं, “ही पाचवी खेप! त्या चहात काहीतरी आहे.”

नेमके तेव्हाच कँटीनवाले मामा कप गोळा करायला आले. काकूंनी त्यांना धारेवर धरलं. तुम्ही भांडी नीट धुतली नसतील, पाणी शिळं असेल, साहेबांकडे तक्रार करते, उद्यापासून तुमचा चहा बंद! मामा हात जोडून म्हणत होते, “अहो ताई, तोच चहा मी पण प्यायलो की!”

मी मिटवायला पुढे गेले. घड्याळवाले परत येऊन पाच नंबरवर टेकले, आणि माझी नजर त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर गेली. तिच्यावर ड्रायव्हरचं नाव नव्हतं.

मग माझ्या मनाने लगेच वकिली सुरू केली. काही मोठं झालेलं नाही, दुपारपर्यंत गोळीचा असर उतरेल. डॉक्टरांच्या कानात हळूच सांगितलं की झालं. उगाच पेशंटला घाबरवायचं कशाला? पेशंटचं हित आधी, हे तर आपणच शिकवतो! वकील हुशार होता, पण त्याचा पक्षकार पेशंट नव्हता, मी होते. आणि शिव्या मामा खात होते. मला माझी लाज वाटली.

मी आधी घड्याळवाल्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. ठीक होतं. डॉक्टरांना फोन करून बोलावलं, ड्रायव्हरना त्यांची गोळी दिली, पट्टी वाचून. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काकू, चहाचा दोष नाही. मी यांना चुकीची गोळी दिली. पट्टी वाचली नाही. चूक माझी आहे, मला माफ करा. डॉक्टर तपासायला येताहेत.”

काकूंनी मग मला असं काही फैलावर घेतलं की नऊ वर्षांची कसर भरून निघाली. मी मान खाली घालून ऐकलं. ऐकण्यासारखंच होतं ते.

शेवटी घड्याळवालेच म्हणाले, “अगं, पुरे आता. चाळीस वर्षांत मी किती चाकं उलटी बसवली असतील! एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. तू मामांची माफी माग आधी, मला परत जायचंय.” आणि ते सहाव्या खेपेला निघाले.

मी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातली, तेवढ्यात टेबलाजवळ चिमणी येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते.

“सिस्टर, अकरा नंबरच्या आजोबांना मी साडेसातला इन्सुलिन दिलं. नंतर कागद वाचला. आज त्यांची पोटाची तपासणी आहे, त्यांना नाश्ता द्यायचाच नाहीये.”

“नंतर म्हणजे कधी वाचलास?”

“सव्वाआठला, गोळ्या वाटून झाल्यावर.”

“तास झाला! तेव्हाच का नाही सांगितलंस?”

तिने टेबलावरच्या उघड्या वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

आम्ही दोघी धावलो. आजोबा घामाने भिजले होते, हात थरथरत होते. “काही नाही, जरा गरगरतंय,” म्हणाले. साखर तपासली तर बावन्न, फारच खाली. डॉक्टर घड्याळवाल्यांपाशी पोचलेच होते, त्यांनी तिथूनच सांगितलं, साखरपाणी द्या, तपासणी उद्या. चिमणीने आजोबांचं डोकं धरलं, मी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी साखर नव्वदवर आली आणि आजोबांनी विचारलं, “म्हणजे आता नाश्ता मिळणार?”

चिमणीच्या वतीने बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण तिने स्वतःच सुरुवात केली. “आजोबा, माझी चूक झाली. तुम्ही उपाशी राहणार आहात हे न बघता मी इंजेक्शन दिलं.” आवाज एवढासाच, पण एकही शब्द गाळला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

आजोबांनी तिच्या हातावर थोपटलं. “वेळेवर धावून आलीस ना पोरी, झालं तर मग.”

“नाही आजोबा,” मी म्हणाले, “वेळेवर नाही. एक तास उशीर झाला. आणि तो तास माझ्यामुळे गेला. ती मला घाबरली होती.”

आजोबांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

“मग माझंही ऐकून घ्या. पहाटे मी दोन बिस्किटं खाल्ली. सांगणार होतो, पण तुम्ही राउंडला आलात आणि हिंमतच झाली नाही.”

मला राग यायला हवा होता. हसूच फुटलं, आणि ते बघून चिमणीही हसायला लागली.