वाढली

वाटीच्या कडेला खिमटाचा एक कण चिकटून वाळला होता आणि वल्लरी तो नखाने सोडवत होती — म्हणजे हा पोटात गेलाच नाही. असे कितीतरी… लाळेऱ्याच्या घडीत, गालावर, खुर्चीच्या फटीत… ते सगळे गोळा केले तर किती ग्रॅम भरतील? समोर लॅपटॉपवर मीटिंग चालू होती, कुणीतरी पुढच्या तिमाहीबद्दल बोलत होतं. तिचा कॅमेरा बंद होता. सव्वाअकरा. एव्हाना मुक्ताईला काट्यावर ठेवलं असेल.

सात किलो दोनशे. नवव्या महिन्यात तेवढेच, अकराव्यातही तेवढेच. "या खेपेला वाढ दिसली नाही तर रक्त तपासू," डॉक्टर म्हणाले होते, अगदी सहज, पेनाला टोपण लावता लावता. तेव्हापासून वल्लरी रोज सकाळी घरातल्या काट्यावर आधी एकटी आणि मग लेकीला कडेवर घेऊन उभी राहायची, वजाबाकी करायची, आणि उत्तर रोज वेगळं यायचं. "अगं, तूच बारीक होत चाललीयस, काट्याने तरी काय करावं!" असं तिचा नवरा आमोद म्हणाला होता. तो कामासाठी आठवडाभर बंगळूरला, तिची मीटिंग टळण्यातली नाही, म्हणून आज सासू-सासरेच रिक्षाने गेले होते नातीला घेऊन.

"तू नकोच येऊस," टोपड्याचे बंद बांधताना सासूबाई, मंदाकिनीबाई, म्हणाल्या होत्या, "तुझा चेहरा बघून डॉक्टर आधी तुलाच टेबलावर झोपवतील."

हसायला हवं होतं. हसू आलं नाही. माझंच दूध कमी पडलं का? सहाव्या महिन्यात मी हा लॅपटॉप उघडला, तेव्हा ती दाराशी रडत होती आणि मी आवाज बंद करायचं बटण दाबलं — माझा आवाज, तिचा नव्हे — पण दाबलंच ना…

फोन थरथरला. स्क्रीनवर 'आई', म्हणजे सासूबाई.

"वल्लरी, ऐकतेयस का? अगं, वाढली गं —" मागे हॉर्न, मुक्ताईचं रडणं, सासऱ्यांचं "आधी ती पिशवी धर, मग फोन कर", आणि फोन कट.

वाढली.

तिने परत लावला नाही. किती, असं विचारलं तर आकडा येईल, आणि त्याच्यामागे पुढच्या महिन्याचा आकडा. त्यापेक्षा हा एवढा शब्द असाच राहू दे थोडा वेळ, उघडा, बिनआकड्याचा… ती उठली. उगाच गॅलरीत गेली. दोरीवर लंगोट वाळत होते, एकेका लंगोटाला दोन-दोन चिमटे — बाबांचं, सासऱ्यांचं काम. कोथरूडात जणू वादळच येणार होतं. गेले अकरा महिने हा माणूस रोज असे चिमटे लावत आला आणि आपण फक्त लंगोट मोजत आलो. आत टेबलावर तिचा चहा बशीने झाकलेला होता. ती पाच मिनिटं म्हणते तेव्हा अर्धा तास लावते, हे ओळखून आई तो रोजच झाकून ठेवतात, आणि ती रोजच बशी न पाहता बाजूला सारते. आमोद तिकडून फोन करतो तेव्हा काही बोलत नाही, म्हणतो, फोन जरा मुक्ताईच्या नाकाशी धर, श्वास ऐकू दे… आणि तिला वाटायचं, आमच्याशी बोलायला याला दोन वाक्यंही नाहीत. चहा गार होता. तिने तो सगळा प्यायला, सावकाश, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी तिचं नाव घेतलं तेव्हा तिने अगदी मोकळ्या आवाजात उत्तर दिलं.

साडेबाराला बेल वाजली.

"काढून ठेवल्यास का?" दारातूनच मंदाकिनीबाई. एका मनगटाला रुमाल गुंडाळलेला.

"काय, आई?"

"बांगड्या गं! डबीतल्या दोन हिरव्या. त्यासाठी तर फोन केला होता, मेला तोही संपला मध्येच. दवाखान्याशी रिक्षातून उतरताना हिने गच्च धरली आणि वाढली बघ. हिला काही लागलं नाही हो. पण मोकळ्या हाताने घरात कशी येऊ? पाटली असली म्हणून काय झालं, काच हवीच."

बांगडी.

माहेरी बांगडी फुटायची. आई शाळेत विज्ञान शिकवायची, ती सरळ 'फुटली' म्हणायची. या घरात फुटत नाही, वाढते… आणि वजन असतं तर 'वाढलं' म्हणाल्या असत्या. व्याकरणाची एवढी साधी गोष्ट.

"आणि वजन?" तिने विचारलं, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं.

"वजन कुठलं! डॉक्टर तातडीने कुठे गेलेत. पाचला या म्हणे."

"तासभर बसलो," बाबा चपला काढत म्हणाले. "तिथला दिवाळी अंक वाचून झाला. मी नोकरीत असतानाचा होता."

वल्लरी डबी घेऊन आली. मंदाकिनीबाईंना तिने दारातल्याच स्टुलावर बसवलं, रुमाल सोडला, ओरखड्यावर हळद दाबली, हाताला साबण लावला. सांधे सुजलेले, बांगडी अंगठ्याशी अडली. इतक्या जवळून हा हात तिने कधी पाहिला नव्हता. मुक्ताई फरशीवर बसून स्टुलाचा पाय बडवत होती, मन लावून.

"हळू गं. नाहीतर याही वाढवशील."

वल्लरी हसली. मग तिला जाणवलं की ती हसली. भीती परत आलीच होती, पोटात, नेहमीच्या जागी… पण मघाचा आनंदही तिथेच होता अजून. चुकीच्या निरोपावर आलेला, तरी जायचं नाव घेत नव्हता. आणि दोघांपैकी कुणाला उठ म्हणावं, हे तिला कळेना.

"पाचला मी नेते," ती म्हणाली. बांगडी केव्हाच मनगटावर उतरली होती. साबणाचा ओला हात मात्र तिने सोडला नव्हता, आणि मंदाकिनीबाईंनीही तो काढून घेतला नाही.