मिस्त्रींची चार इंची भिंत

मिस्त्रींच्या भिंतींबद्दल वाकडा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली, आणि स्वतःच्या घराला दीड फुटी दगडी भिंती घातल्या. हत्तीनं धडक दिली तर हत्तीच दवाखान्यात जाईल, असं ते आल्यागेल्याला ऐकवत. आणि आता पोटची पोर, धाकटी, कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "बाबा, सगळा घोळ तुमच्या भिंतीनं घातलाय."

घोळ असा होता. राउटर पुढच्या खोलीत, आणि आईची शिलाईची खोली पार मागे, दगडी भिंतीच्या पलीकडे. तिथे नेट कधी यायचं, कधी नाही. मागच्या आठवड्यात एका संस्थेनं आईचा नमुना वर्ग ऑनलाइन पाहायला घेतला. तीन परीक्षक समोर, आई कॉलर कापायला शिकवतेय, आणि चित्र असं गोठलं की कात्री दहा मिनिटं हवेतच. संस्थेनं आणखी एकच संधी दिली होती, उद्या सकाळी अकराला. आईनं उभा जन्म लोकांचे कपडे शिवले, पण शिकवायला कुणी बोलावलं ते पहिल्यांदाच. सकाळपासून तिनं चष्मा चार वेळा पुसला होता.

धाकटी ऑफिसांमधून नेटवर्क बसवायची. तिनं तीन पांढऱ्या डब्या आणल्या होत्या. "याला मेश म्हणतात. एकट्या राउटरनं घसा फोडण्यापेक्षा तिघी मिळून घरभर नेट पोचवतात."

"कळलं," म्हणत मिस्त्रींनी एक डबी उचलली आणि थेट शिलाईच्या खोलीत नेऊन लावली. "दुखतंय तिथेच औषध!"

डबीचा दिवा लाल झाला तो झालाच.

"अहो बाबा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिथे नेट पोचतच नाही, मग ती डबी वाटणार काय? तुम्ही विटा वरच्या मजल्यावर कशा चढवायचात?"

"माणसांची साखळी लावून."

"आणि मधला माणूस लांब उभा राहिला तर?"

"वीट पडते, आणि मी शिव्या घालतो." मिस्त्री थांबले. मग हळूच म्हणाले, "हात्तिच्या! म्हणजे मधलीला झेलता येईल तिथेच उभी करायची." मिस्त्रींना पोरीचा असा काही अभिमान वाटला, की बोलायचं सोडून ते उगाच खोकले.

मग त्यांनी गडी उभे करावेत तशा डब्या उभ्या केल्या. पहिली राउटरशी, दुसरी मधल्या खोलीत. तिथपर्यंत सगळं झकास. पण तिसरी भिंतीपलीकडे नेली की नेट निम्म्याहून खाली. धाकटी हातात फोन धरून भिंतीच्या कडेकडेनं फिरली. कोपऱ्यात नाही, खिडकीशी नाही. मधे मोठं कपाट होतं, तिथे मात्र तिनं पाहिलंच नाही. "दगडच आहे सगळा," ती खाली बसत म्हणाली. "उद्यापर्यंत नाही जमायचं बहुतेक."

आईनं कात्री कापडात गुंडाळून ठेवली.

मिस्त्रींना ते बघवेना. बावीस वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सांभाळलेली गोष्ट होती. त्यांनी कपाटाला खांदा लावला. "इकडे ये. हे कपाट सरकव माझ्याबरोबर. याच्यामागे दार होतं. मी बुजवलं. तू तेव्हा लहान होतीस."

"का बुजवलं?"

"दुपारी झोपेत मशीनची खडखड यायची." मिस्त्रींची मान खाली गेली. "तेव्हापासून तुझी आई अंगणातून वळसा घालून त्या खोलीत जातेय. आणि दगडानं भरलंही नाही. घाईघाईत चार इंची वीट उभी केली, वर गिलावा फासला. उभ्या आयुष्यात तेवढंच कच्चं काम केलंय मी."

धाकटीनं पलीकडे जाऊन फोन त्याच जागी धरला आणि ती किंचाळलीच, "बाबा! इथून आरपार जातंय!" एक डबी कपाटाच्या जागी बसली, दुसरी तिच्या बरोबर पलीकडे. दोन्ही दिवे हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी अकराला आईनं कॉलर कापली, उलटवली, टोकं काढली. चित्र एकदाही अडलं नाही. तासाच्या शेवटी परीक्षकांतल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, सोमवारपासून असाच ऑनलाइन वर्ग घ्या." भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या मिस्त्रींनी तो 'मॅडम' स्पष्ट ऐकला. त्यांचा ऊर असा भरून आला, जसा कुठलंही घर पुरं झाल्यावर आला नव्हता. ते अंगणातून धावतच मागे गेले.

"अख्खं ऐकलं मी! शब्दन् शब्द!"

"ऐकू येणारच," आई कात्री पुसत म्हणाली. "मलाही बावीस वर्षं तुमचं घोरणं ऐकू येतंय. चार इंची आहे, हे मला पहिल्याच दुपारी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला तुमच्या भिंतींचा केवढा अभिमान!"

मिस्त्री बाहेर गेले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले.

"बाबा, राहू द्या," धाकटी म्हणाली. "आता नेट छान येतंय. दाराची गरज नाही."

"नेटला नसेल," आई म्हणाली आणि मशीनवरचं कापड उचलून धुळीपासून बाजूला ठेवू लागली. "मला आहे. चालू द्या हो."