घरच्यांना कार्ड जात नाही

फ्रिजवरचं चुंबक माशाच्या आकाराचं होतं — हिरवट, एका डोळ्याचा रंग उडालेला — आणि त्याच्याखाली दाबलेल्या कार्डावर ट्रॅव्हिस हसत होता. शेजारी ती कर्स्टन, मागे तळं, खाली जाड अक्षरांत: आमचं लग्न, चौदा सप्टेंबर, तारीख राखून ठेवा. दात बापाचे, रॉजरचे. पण हसताना डावी भुवई वर जाते ना, ती माझी... मार्लिसने परत करायला आणलेलं भांडं आर्लीनच्या ओट्यावर ठेवलं आणि फ्रिजकडे न बघितल्यासारखं करून पुन्हा बघितलं.

"तुला कधी आलं गं?"

"झाले की तीन आठवडे," आर्लीन म्हणाली, आणि कॉफी ओतता ओतता तिचा हात थांबला. कारण तीन आठवड्यांत तेच कार्ड मार्लिसकडेही यायला हवं होतं, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

आर्लीनला येणं रास्तच होतं. बावीस वर्षांपूर्वी मार्लिस एका माणसाबरोबर अॅरिझोनाला निघून गेली तेव्हा ट्रॅव्हिस अकरा वर्षांचा होता, आणि त्याला पुढे रात्रीचं जेवण घातलं ते तेव्हाच्या शेजारणीने, या आर्लीननेच. तो माणूस दोन वर्षांत सुटला. मिनेसोटाला, या गावाला परत यायला मात्र सोळा वर्षं लागली — लाज वाटायची, दुसरं काय. आता मुलाचा फोन येतो, वर्षातून दोनदा. तळ्यावर बर्फ किती, गाडी नीट चालते का, बरं आहे मग. लग्नाचंही असंच बर्फ आणि गाडीच्या मध्ये कुठेतरी सांगितलं त्याने: लग्न करतोय, कळवीन.

"तोंड काय पाडतेस?" आर्लीन एकदम जोरात म्हणाली. "घरच्यांना हे कार्ड जातच नाही मुळी! माझ्या भाचीच्या वेळी केवढा वाद झाला होता यावर. कार्ड असतं आमच्यासारख्या परक्यांना — आम्ही मेले विसरू, नेमके त्याच दिवशी मासे धरायला जाऊ. आईला कशाला सांगायचं तारीख राखून ठेव म्हणून?"

"आणि आमंत्रण?"

"ते जुलैत. ते मात्र घरीदारी सगळ्यांना."

म्हणजे न येण्याचे दोन अर्थ होते. एक, तू इतकी आपली की तुला सांगायला नको. दुसरा, सांगायला नको. टपालाची रिकामी पेटी दोन्हीकडून सारखीच दिसते... फोन करून विचारता आलं असतं. पण या गावात तोंडाने मागून कोणी काही घेत नाही. ताटलीतली शेवटची वडी मेली निम्मी निम्मी होत जाईल, पण उचलणार कोणी नाही. आत्ताही रुबार्बच्या आंबट देठांची एक वडी उरली होती आणि मार्लिसने तिचा अर्धा तुकडा कापून घेतला. आई गं, तुला बोलावलंय — एवढंच तर ऐकायचं होतं. मागच्या बाकावर बसवलं तरी चालेल. स्वयंपाकघरात कॉफीची भांडी घासायला लावली तरी चालेल. नुसतं त्या खोलीत असायचं होतं, तो भुवई वर करून हसेल तेव्हा.

"हे बघ," आर्लीन आवाज उतरवून म्हणाली, "रॉजरकडे आलंय का ते कळलं की झालं. तो बाप, तोही घरचाच. काल मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याच्या फ्रिजवर —"

"रुबार्ब घरचंच का गं?"

"घरचं," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यातलं." मग तिने उरलेल्या तुकड्याचा अर्धा तुकडा उचलला.

परतताना रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलेला होता आणि मार्लिस गाडी हळू चालवत होती. लग्नाचा फोन आल्यापासून ती टपालाची गाडी वळली की चपलांवरच धावत पेटीपर्यंत गेली होती. आज पाय उचलेना. आज कार्ड आलेलं असलं तर? सुवाच्य अक्षरांत आपलं नाव, पुढे सौजन्याने 'आणि सोबतचे पाहुणे'... म्हणजे ज्यांना कळवावं लागतं त्यांतली एक. आर्लीनसारखी. आर्लीनपेक्षा कमीच, आर्लीनने निदान जेवू तरी घातलं.

तिने पेटी उघडली. विजेचं बिल होतं, बियाण्यांची पुस्तिका होती. खालचा पत्रा तिने हाताने चाचपला. काही नव्हतं.

आणि तिला आनंद झाला. खराखुरा, गालांवर ऊन यावं तसा. स्वतःचीच शरम वाटावी इतका. आपण स्वतःला फसवतोय हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. रॉजरच्या फ्रिजवर काय आहे ते आर्लीनच्या ओठांवर आलेलं तिनेच परत लोटलं होतं. पण आमंत्रणं जुलैत निघणार, आणि आत्ता तर एप्रिल होता. तोवर रोज दुपारी ही पेटी रिकामी असू दे, ती मनात म्हणाली, तोवर तरी मी त्याच्या घरची आहे.