एर्मेसचा हात

माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. तेवढ्यानं भागत नसेल तर सान जोर्जो या आमच्या संताच्या घोड्याची शपथ घेते, आणि आमच्या फेर्रारा गावात ती कुणी उगाच घेत नाही. तरीही ज्याला खोटं वाटेल त्यानं आमच्या जिन्यात उभं राहून मोठ्यांदा "नीवेस!" अशी हाक मारावी. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई वाकून बघेल आणि म्हणेल, "ओरडताय कशाला? मी अजून मेले नाही." तीच ती.

तर त्या दिवशी सायकल दुरुस्तीवाला सिल्वानो नीवेसच्या सायकलीपुढे उकिडवा बसला होता आणि हसत होता.

"नीवेसबाई, ही सायकल आहे की जुना बाजार?"

"का रे? काय वाईट आहे तिच्यात?"

"सीट एकीची, चाक दुसरीचं. आणि मुठींना हे काय गुंडाळलंय? पर्सचं चामडं?"

"माझीच पर्स. लग्नातली."

"आणि ही घंटी?"

"सासऱ्यांची. सासरे गेले, पण आवाज ठेवून गेले. तू मागचं टायर बदल आणि ब्रेक बघ. बाकी कशाला हात लावू नकोस."

"नाही लावत," सिल्वानो म्हणाला. स्वभावानं सोन्यासारखा माणूस. तिथंच घोळ झाला.

सायकल घडीची होती, बॅटरीवर चालणारी. घडीची का, तर आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि खाली ठेवलेली सायकल रात्रीत पाय फुटल्यासारखी जाते. आमच्या गावचा चोर कुलूप तोडत नाही, तो किल्ली घेऊनच जन्माला येतो. नीवेसचा गुडघा गेला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, एर्मेसनं, ही सायकल कुठून तरी मोडक्या अवस्थेत उचलून आणली. एर्मेस पंपघरात कामाला होता. आमची जमीन समुद्राच्याही खाली, रात्रंदिवस पाणी उपसलं नाही तर आमचे भोपळे पोहायला लागतील. सगळा जन्म त्यानं पंपांची धडधड ऐकण्यात घालवला. एकदा एका पंपानं त्याच्या करंगळीचं अर्धं बोट खाल्लं, तरी तो त्या पंपाची बाजू घ्यायचा. "चूक माझी होती, तो बिचारा फिरतच होता."

त्यानं पुढच्या चाकात मोटर बसवली. हँडलपुढच्या पिशवीत बॅटरी. मधल्या बिजागरीला खटका होताच, वर जुन्या ट्यूबचं एक कडं अडकवलं. म्हणाला, "खटका चुकून उघडला तर सायकलीबरोबर तूही मधोमध मिटशील. मग इस्त्री कोण करणार?" दर शनिवारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरायचं, सायकल त्यावर उभी करायची, चेनला तेल, बिजागरीला वंगण. "बिजागरी आणि बायको," तो म्हणायचा, "आठवड्यातून एकदा विचारावं, काय दुखतंय का." तो गेल्यावर नीवेसनं शनिवार चुकवला नाही. ती बिजागरीला विचारायची. तिला विचारणारं कुणी नव्हतं.

पण खरी गोष्ट हाताची आहे.

आमच्या सपाट मुलखात चढ नाहीत, वारा आहे. समोरून आला की सायकल जागची हलत नाही. अशा वेळी आमच्याकडचे नवरे काय करतात, तर बायकोच्या शेजारून सायकल चालवतात आणि एक तळवा तिच्या पाठीवर ठेवून तिला पुढं लोटतात. कोण कसं लोटतं त्यावरून संसार कळतो. काही जण बैल हाकल्यासारखे लोटतात. काहींचा हात पाठीवर असतो आणि नजर दुसरीकडं. एर्मेस थोडं लोटायचा, मग हात काढायचा, पुन्हा ठेवायचा. "फुकट नेतो होय तुला? तूही मार की पायडल!" नीवेसच्या तपकिरी कोटाची पाठ डाव्या बाजूला घासून गुळगुळीत झाली होती. तळव्याएवढी.

पुढं एर्मेसच्या छातीनं दगा दिला. शेजारून सायकल चालवणं संपलं. त्याच हिवाळ्यात त्यानं ही घडीची सायकल जुळवली, खोकत खोकत. झाल्यावर तिच्या सीटवर थाप मारून म्हणाला, "मला आता यायला जमणार नाही. हिला सांगून ठेवलंय."

तो गेला. चाळिसाव्या दिवशी नीवेस सायकल घेऊन बाहेर पडली. तटबंदीच्या रस्त्याला वळली, समोरून वारा आला, आणि पाठीवर हात पडला. थोडं लोटलं. निघाला. पुन्हा पडला. ऊबदार, आणि साडेचार बोटांचा. होय, साडेचार! तिनं मागं वळून पाहिलं नाही. तेवढी अक्कल आमच्या बायकांना असते.

त्यानंतर तो रोज यायचा. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सायकल गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखी घडी होऊन असायची, आणि मधूनच तिचा खटका आपोआप वाजायचा. टक्. वरच्या मजल्यावरून मी स्वतः ऐकलाय. नीवेस कपबशी धुता धुता म्हणायची, "ऐकलं. झोप आता."

सिल्वानोकडून सायकल आणली त्या सकाळी मात्र काहीतरी बिनसलं. पायडलवर पाय ठेवताच ती जी सुटली ती थांबेचना. एकसारखी, खेचल्यासारखी. कोपऱ्यावर एर्मेसची बहीण वान्दा बगलेत भोपळा घेऊन येत होती. ती किंचाळून बाजूला झाली, भोपळा गटाराच्या जाळीवर आपटला.

"अगं बये! विधवा झालीस म्हणून मलाही मारणार का?"

"वान्दा, हात नाहीये."

"दोन आहेत की! ब्रेक दाब त्यांनी!"

"माझे नाहीत गं. त्याचा नाहीये."

वान्दाचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं फुटलेला भोपळा उचलला, आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी खटकाही वाजला नाही. नीवेस कोरडी बशी पुसत बसली. घर इतकं गप्प होतं की शेजारच्यांची चमचे-भांडी ऐकू येत होती.

सकाळी ती दुकानात हजर.

"काय केलंस?"

"टायर, ब्रेक..."

"सिल्वानो."

"बरं, एक गंमत केली. तुम्हाला सांगणार नव्हतो, भेट म्हणून." त्यानं पायडलमागची काळी चकती दाखवली. "हिच्यावर गोल चुंबकं असतात. पायडल फिरलं की एकेक चुंबक इथून जातं, आणि ते गेलं की मोटर लोटते. तुमच्या चकतीतली कितीतरी गळून पडली होती. म्हणून मोटर मध्येच सोडून द्यायची, पुन्हा धरायची. गचके खात जात होतात इतकी वर्षं! मी सबंध नवी बसवली."

नीवेसनं वाकून नव्या चकतीवरून बोट फिरवलं.

"गळली होती, की काढली होती?"

सिल्वानो विचारात पडला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "खाचांच्या कडा स्वच्छ होत्या खऱ्या," तो म्हणाला. "सुरीनं काढाव्यात तशा."

"जुनी चकती कुठाय?"

"भंगारवाला... काल घेऊन गेला."

ती तडक घरी आली. कोट न काढता फ्रिजपुढं उभी राहिली. फ्रिजच्या दारावर पो नदीकाठचा दोघांचा फोटो, चर्चचं कॅलेंडर, वान्दाच्या हातची पाककृती, सगळं इवल्या इवल्या काळ्या चुंबकांनी धरलेलं. एर्मेसच्या शेवटच्या हिवाळ्यात ही चुंबकं घरात आली होती. "कुठून आणलीस रे?" तिनं विचारलं होतं. "उरली होती," तो म्हणाला होता. तिनं सगळी खरवडून मुठीत घेतली. फोटो खाली घसरला, कॅलेंडर त्याच्यावर पडलं.

सिल्वानोनं दुपारचं जेवण सोडलं. जितकी तिच्या मुठीत होती तितकी नव्या चकतीतून काढायची हे ठरलं. पण कुठली? ते एकट्या एर्मेसला ठाऊक. मग सिल्वानो एकेक काढायचा, नीवेस गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, आणि लोक खिडक्यांत येऊन बघायचे.

"कसं?"

"घाई करतो. एर्मेसला जन्मात घाई नव्हती."

दुसरी जागा.

"आता?"

"हा दमलाय."

तिसरी.

"हा लोटत नाही, हाकलतो. असला मी पहिल्याच वर्षी सोडला असता."

बघणारे हसले. सिल्वानो हसला नाही. ऊन भिंतीवर चढून गेलं, त्याची बोटं काळी झाली, चकतीच्या खोबणी झिजल्या. शेवटी नीवेस सायकलीवरून उतरली.

"जवळजवळ बरोबर आहे," ती म्हणाली.

"जवळजवळ?"

"लोटतो, सोडतो, लोटतो. सगळं बरोबर. पण यंत्र आहे रे. बोटं नाहीत त्याला."

"मी चांगलं करायला गेलो हो, नीवेसबाई."

"ठाऊक आहे. चांगलं करणाऱ्याशी भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत." तिनं त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. "जेवून घे, पोरा. सूप गार झालं असेल."

मृतांचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे पहाटे लवकर उठून बिछाना मोकळा करतात आणि धुतलेली चादर घालतात. लांबून आलेल्यांना घटकाभर पाठ टेकता यावी म्हणून. नीवेसनं लग्नातली चादर काढली, कडा नीट खोचल्या. वान्दा चहाला आली होती, ती दारातून बघत होती.

"येईल म्हणतेस? जिवंतपणी जेवायला कधी वेळेवर आला नाही."

"तुझा भाऊ आहे. उशिरा येईल."

"आणि नाही आला तर?"

नीवेसनं उशी झटकली. "तर मी झोपेन. चादर धुतलेलीच आहे."

मग ती कबरस्तानाकडं निघाली. पिवळ्या शेवंतीची कुंडी हँडलपुढच्या पिशवीत ठेवली, तपकिरी कोट घातला, ट्यूबचं कडं तपासलं. बाहेर असं धुकं होतं की स्वतःचं पुढचं चाकही दिसेना. दिव्यांचे खांब नाहीसे झाले होते, तटबंदी नाहीशी झाली होती, जगात नुसती एक चेन कुरकुरत होती. तटबंदीच्या वळणावर समोरून वारा आला. नीवेसनं दात आवळले, दुखऱ्या गुडघ्यावर जोर दिला. सायकल डळमळली, थांबायला आली.

आणि पाठीवर हात पडला.

थोडं लोटलं. निघाला. पुन्हा पडला. डाव्या बाजूला, कोट जिथं झिजलाय तिथं. तिनं मोजली. साडेचार.

"उशीर केलास," ती म्हणाली.

बाकी वाटभर ती पायडल मारत राहिली. फुकट नेणारा नव्हता तो. कबरस्तानाच्या फाटकाशी ती उतरली, आत न्यायची म्हणून सायकल मिटायला घेतली, आधी पिशवीतून कुंडी काढली आणि पिशवीत बघतच राहिली. कुंडीखाली काही नव्हतं. बॅटरी घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. शेवंतीला जागा करायला तिनंच पहाटे काढून ठेवली होती. इतका वेळ मोटर मेलेली होती.

ती घाबरली असेल असं तुम्हाला वाटतं? तिनं खटका लावला, सायकल काखेला मारली, आणि एर्मेसच्या कबरीच्या दगडापाशी जाऊन कुंडी ठेवली. जाता जाता म्हणाली, "चादर घातलीय. बूट काढून पड."

आता शपथ घेतलीय तर एक सांगून टाकते, नाहीतर सान जोर्जोचा घोडा मला लाथ मारेल. बॅटरी खरंच टेबलावर होती, मी डोळ्यांनी पाहिली. हात, बोटं, चादर, सगळं खरं. धुकं तेवढं मी घातलं. तुमच्या लक्षात यायला हवं होतं, वारा असला की धुकं टिकत नाही, आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

त्या सकाळी लख्ख ऊन होतं. तटबंदीच्या विटांवर तिची सावली शेजारून चालली होती, स्वच्छ, कातरून काढल्यासारखी. एक सायकल, एक बाई, शेवंतीची कुंडी. आणखी कुणी नव्हतं. नीवेसनं ती नीट पाहिली, शेवटपर्यंत पाहिली. मग पाठ जराशी मागं टेकवली आणि पायडल मारत राहिली.