दहा लाख तीन

“मास्तरीणबाई, फुटला एकदाचा तुमचा आकडा.” मी चपला काढेपर्यंतही अण्णांना धीर नव्हता. त्यांनी वही माझ्या हातात कोंबली. “एकशे एकने भाग गेला. बाकी शून्य.”

माझी दुसरी चप्पल पायातच राहिली.

अण्णांनी चौतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात काढली. कितीही बाटल्या येवोत, कोणत्या खोक्यात किती बसवल्या म्हणजे एकही उरणार नाही, हे ते उभ्या उभ्या सांगत. खोकं भरलं की वर नग लिहायचे आणि दुसऱ्याकडून मोजून घ्यायचे, हा त्यांचा खाक्या. तेच अण्णा मध्यंतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी येताना रस्ता चुकले. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. आई गेल्यापासून एकटेच राहतात, म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे चला.

“आकडेमोड चुकेल त्या दिवशी येईन,” ते म्हणाले. “तोवर हे घर सोडणार नाही.”

मी शाळेत गणित शिकवते. म्हणून मीच त्यांना परीक्षेसाठी १०,००,००३ हा आकडा दिला. दोन, तीन, पाच अशा क्रमाने रोज एका मूळ संख्येने भाग द्यायचा, रविवारी मी वही तपासणार. तो आकडाही मूळ संख्याच आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, एवढं मात्र सांगितलं नाही. हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या आहेत; तेवढ्यांनी भाग देऊन पाहिला की खात्री पटते. म्हणजे साडेपाच महिने अण्णा आपल्या घरात खुशाल राहतील, असा माझा अंदाज होता.

अण्णा तर त्यात बुडालेच. “सातने चार उरतात, अकराने चार, तेरानेही चारच. ही काय भानगड आहे गं?” असं फोन करकरून विचारायचे.

आज सव्विसावा दिवस. मी पान पाहिलं. भागाकारात शेवटचा तीन खाली घ्यायचा, तिथे त्यांनी एक घेतला होता.

“अरे वा,” मी म्हणाले. शाळेत लाल रेघ मारायला मी क्षणभरही थांबत नाही. आज पर्समधून पेन निघेना.

“नुसतं वा काय? गुणून बघायला नको?” अण्णांनी वही ओढून घेतली आणि स्वतःच गुणाकार मांडला. ९,९०१ गुणिले १०१. उत्तर १०,००,००१ आलं.

“दोन कमी पडतात.”

“होतं असं. परत करा ना.”

“मूळ संख्या आहे का ही?”

मी होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे भाग जाणारच नव्हता. आणि मी सकाळपासून नाचतोय.” ते हसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“अण्णा, एक चूक काही धरायची नाही.”

“बोली ती बोली.”

त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं. चार सदरे, तीन विजारी, स्वेटर, आईचा फोटो, चष्म्याचं घर आणि शेवटी ती वही. कडा जुळवून, मध्ये बोटभरही जागा न सोडता सगळं बसवलं. झाकणावर लिहिलं, नग ११.

“मोजून घे.”

मी एकेक वस्तूला हात लावत मोजलं. मग पुन्हा मोजलं. अकराच होत्या.

“बरोबर?”

“बरोबर, अण्णा.”

मग त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली.