भाच्यानं मागितलं

उजव्या बुटाची नाडी सुटलेली. एक टोक चिखलानं काळं, दुसरं अजून पांढरं — आणि नेमानी तिच्याकडे वरूनच बघतोय, धक्क्यावर उभं राहून खोल पाण्यात बघावं तसा. वाकत नाही. इसिरेलीच्या हातातला लिंबाच्या पानांचा चहा ओठांपर्यंत येऊन थांबला. वाक, तो मनात म्हणाला, एकदा सहज वाकून दाखव, म्हणजे दवाखान्यातल्या बाई चुकल्या असं मला धरून चालता येईल... नेमानीनं पाय बाकावर ठेवायला उचलला, अर्ध्यावरून खाली आणला, आणि शेजारून चाललेल्या तोमासीला, संघाच्या यष्टिरक्षकाला, म्हणाला,

"ए, बांध ना जरा. राजेसाहेबांची सेवा कर."

"राजा म्हणे! तोंड बघ आधी, उकडलेल्या खेकड्यासारखं." पण तोमासी वाकला, एकावर एक गाठी मारल्या, खेचून घट्ट केल्या. "आता झोपायचंसुद्धा बूट घालूनच."

नेमानी हसला. हसताना डावा हात कमरेमागे गेला आणि लगेच परत आला — चोरासारखा.

बाईंनी पाठीच्या एक्स-रेचा तो काळा फोटो उजेडावर धरून पेनाच्या टोकानं दाखवलं होतं. खालच्या मणक्यात केसाएवढी रेघ. खोलीत तिघंच होते. त्या, नेमानी आणि इसिरेली. "चेंडूला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, "या रेघेची भेग झाली ना, तर बॉलिंगचं सोडाच, पोरगा सरळ उभा राहायचा नाही." बाहेर फिजीच्या राजधानीतला, सुवाचा तो न संपणारा पाऊस, आणि नेमानी म्हणाला, मामा, संघात कुणाला सांगू नका. बरं, इसिरेली म्हणाला. भाच्यानं मागितलं, दिलं. त्यात काय मोठंसं.

आणि आज शेवटचा सामना. वानुआतूला हरवलं की विश्वचषकात जागा. हरलो की ही सगळी पोरं बोटीत बसून आपापल्या बेटावर — मासे, कसाव्याचे कंद, रविवारी चर्चमध्ये पांढरा शर्ट — आणि कोच म्हणून इसिरेलीही त्यांच्यामागोमाग, पुन्हा आपल्या ओनेआटा बेटावर, जिथून तो एकदाच, विशीत, फिजीच्या संघासाठी निघाला होता आणि राखीव खेळाडूंच्या बाकावरून परत आला होता. सकाळी प्रार्थनेनंतर गोल करून बसलेल्या मुलांपुढे त्यानं अकरा नावं वाचली. नेमानीचं नव्हतं. सुटलो, असं वाटेवाटेपर्यंत नेमानी गोलातून पुढे सरकला, मांडी घालून बसला — किती ताठ! — आणि खोलगट तळहातांनी संथ टाळ्या वाजवल्या, गावात मागणं मागताना वाजवतात तशा.

"मामा, आजचा नवा चेंडू मला पाहिजे."

गलका झाला. दारात उभा असलेला सोलोमोनी, संघाचा बसड्रायव्हर आणि इसिरेलीचा आतेभाऊ, म्हणजे थट्टेचा हक्काचा माणूस, मांडीवर थाप मारून ओरडला, "गेलं! कोच, गेलं तुझं डुक्कर, दोरीसकट गेलं!"

तिथे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारे दोघं एकमेकांकडे बघत होते.

बहिणीचा मुलगा मागतो, मामा देतो, डुक्कर असो की होडी; बेटांवरची रीतच ती. नाही म्हणणं म्हणजे बहिणीच्या तोंडावर दार लावणं, तेही चारचौघांत. मी लहान होतो तेव्हा माझ्या मामाकडे होडी मागितली होती. मामानं वल्हं माझ्या हातात ठेवलं, आणि त्यानंतर तो गळ घेऊन खडकावर बसायचा, भरती येईपर्यंत. सगळे म्हणायचे, हसत दिली हो होडी. हसत होता का? मी वळून बघितलं नव्हतं.

"घे," इसिरेली म्हणाला होता.

किती पटकन म्हणाला...

पहिला चेंडू. नेमानीची धाव लांब, सैल, वाऱ्यावर सोडलेल्या शिडासारखी. पाय आपटला, हात फिरला, आणि मग ते, जे फक्त इसिरेलीला दिसत होतं — चेंडू सुटल्यावर पोरगा चेंडूकडे बघतच नव्हता. आभाळाकडे बघत होता, तोंड उघडं टाकून, जणू वरून कुणीतरी हाक मारली. मग वळून परत चालत जायचा. पुन्हा धावायचा. पुन्हा आभाळ.

मांडीवर टॉवेल होता. टॉवेल हलवला की कर्णधार गोलंदाज बदलतो, असं ठरलेलं. हे नाही म्हणणं थोडंच होतं? मागितलं, दिलं, आता पुरे. पण दिलेलं परत घेणं म्हणजे — आणि सेरेआना, पोराची आई, काय म्हणेल... सेरेआना काही म्हणणारच नाही. कळायला लागल्यापासून ती त्याच्याशी बोललेली नाही, तो तिच्याशी. भांडण नाही, त्यांच्याकडे भावाबहिणीनं समोरासमोर बोलायचं नसतं, एवढंच. आईला सांग पीठ आलंय. मामाला सांग चटई विणून झाली. दोघांमधला सगळा जन्म या पोराच्या तोंडून इकडून तिकडे गेलेला. सुवाच्या बोटीवर चढायच्या वेळी तिनं पोरालाच सांगितलं होतं, आणि पोरानं धक्क्यावरून ओरडून पोचवलं होतं: "मामा, आई म्हणते, माझ्यावर लक्ष ठेवा!"

ठेवलंय की. डोळा हलवत नाहीये मी.

टॉवेल हलवायचा. या षटकानंतर. या चेंडूनंतर — आणि त्या चेंडूवर वानुआतूच्या कर्णधाराची मधली यष्टी उडाली, गोल गोल फिरत मागे जाऊन पडली, आणि टॉवेल हवेत होता, आणि कुणीतरी घसा फाटेपर्यंत ओरडत होतं, आणि सोलोमोनी म्हणत होता, "अरे खाली बस म्हाताऱ्या, छाती फुटेल!" — ते ओरडणं माझं होतं. टॉवेल मीच उडवला होता. आपल्या कर्णधारानं तिकडे बघितलं. त्याला तो आनंद वाटला, आणि त्यानं नेमानीला थांबवलं नाही. बरोबरच वाटलं त्याला. आनंदच होता.

इसिरेली खाली बसला. टॉवेल पुन्हा दोन्ही हातांनी मांडीवर पसरला. त्या हातांना मामाचं वल्हं आठवत नव्हतं, बहीण आठवत नव्हती, काळा फोटो आठवत नव्हता. राखीव बाकाचं लाकूड तेवढं आठवत होतं, मांड्यांना रुतणारं.

मधे जेवणाची सुट्टी झाली, फिजीनं फलंदाजी केली, धावा जमल्या. कुणी केल्या, कशा, त्याला नंतर सांगता आलं नसतं, कारण तेवढा वेळ नेमानी चटईवर पालथा पडून होता आणि "झोपतोय, मामा" म्हणाला होता. जिंकलो ते त्याला गलक्यावरून कळलं. पोरं मैदानात धावली. नेमानीही उठून निघाला, भिंतीला धरून, मग भिंतीशिवाय, आणि खेळपट्टीजवळ पोचल्यावर गुडघ्यांवर खाली गेला.

तसाच राहिला. डोकं खाली, दोन्ही तळवे गवतात.

सगळ्यांना वाटलं, आभार मानतोय. म्हणून तोमासीनं गुडघे टेकले, मग कर्णधारानं, मग एकेक करून सगळ्या संघानं, त्याच्याभोवती, भिजलेल्या गवतावर. वानुआतूची पोरंही रडवेल्या तोंडानं टोप्या काढून उभी राहिली. कुणीतरी स्तोत्र धरलं. चार आवाजांत उमलत गेलं ते, अवघं मैदान भरलं. आणि सीमारेषेवर उभ्या इसिरेलीनं, जो एकटा जाणत होता की पोराला उठता येत नाहीये, मान खाली घातली. प्रार्थना संपू नये, अशी प्रार्थना केली.

बसमध्ये आसनांमधल्या वाटेत चटई टाकून त्याला निजवलं. "स्नायू आखडला," एवढंच सांगितलं सगळ्यांना, आणि सोलोमोनीनं थट्टा न करता बस दवाखान्याकडे वळवली. मागची पोरं गात होती. इसिरेली नेमानीच्या पायाशी खाली बसला.

"मामा."

"काय रे."

"पाय आहेत ना खाली? मला कळत नाहीयेत नीट."

"आहेत. बूट काढतो थांब."

नेमानी छताकडे बघत होता, चेंडू सुटल्यावर बघायचा तसा. मग हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं,

"मला वाटलेलं तुम्ही नाही म्हणाल."

इसिरेलीनं डावा बूट काढून बाजूला ठेवला.

"सगळ्यांसमोर मागितलं की पोरं म्हणणार नाहीत मी घाबरलो. आणि तुम्हाला तर माहीतच होतं. म्हणजे तुम्ही नाही म्हणाल..." त्यानं ओठ ओले केले. "आईला सांगाल? मला नाही जमणार. तुम्हीच सांगा. स्वतः."

भाच्यानं मागितलं.

हो म्हणायला इसिरेलीनं तोंड उघडलं, आणि तो शब्द, जन्मभर आपोआप येणारा, पहिल्यांदाच त्याला आत कुठेतरी शोधावा लागला, आणि सापडला तेव्हा तो कुणाचा आहे ते ओळखू येईना — चालीरीतीचा, मामाचा, की त्या बाकावर बसलेल्या पोराचा. त्यानं मान खाली केली. उजव्या बुटाच्या गाठी पाण्यानं फुगून एकजीव झाल्या होत्या. तो नखांनी उकरू लागला. बस खड्ड्यांतून जात होती, मागे गाणं वर चढत होतं, एक नख तुटलं. आणि त्याच्या ध्यानात आलं की आपली बोटं गाठ सोडवत नाहीयेत, नुसती फिरताहेत तिच्यावरून, सावकाश, कारण ही सुटली की मग दुसरं काही करायचं उरणार नाही...