चार काठ्या, उगवतीकडे

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. बेट सोडलं तेव्हा होडीत सात माणसं होती, दोन कोंबड्या, तांदळाचं अर्धं पोतं, एक लोखंडी किटली आणि मी. मागे काय राहिलं ते मोजायला कुणाला वेळ नव्हता.

माझा जन्म जपानच्या उत्तरेकडच्या हाबोमाई बेटांपैकी एका लहानशा बेटावरचा. तिथले लोक कोम्बू काढत. समुद्राच्या तळाशी लांब पट्ट्यांसारखं वाढणारं हे शेवाळ. मला पाण्यात खुपसायचं, पीळ द्यायचा आणि कोम्बूचा गुंता वर ओढायचा. तोराकिचीने मला ओकच्या लाकडातून तासलं, आमच्या खाडीच्या खोलीला पुरेल एवढंच. ओला कोम्बू गोल पांढऱ्या गोट्यांच्या अंगणात वाळायचा. त्याचा वास मला अजून आठवतो.

तोराकिचीची बायको वारली, तेव्हा कबरीचा दगड कोरायला बेटावर पाथरवट नव्हता. जवळच्या एका काळ्या खडकापासून कबरीपर्यंत मला जमिनीवर आडवी टाकत त्याने माप घेतलं आणि चिमुरड्या लेकीला, फुसाएला सांगितलं, "चार काठ्या, उगवतीकडे. विसरू नकोस, पोरी." कबरीभोवती त्याने अंगणातलेच गोटे लावले.

पुढे युद्ध संपलं, परके रशियन सैनिक उतरले आणि आम्ही समोरच्या जपानी किनाऱ्यावर, नेमुरोला आलो. तेव्हापासून जपान आणि रशिया, दोन्ही देश त्या बेटांना आपलं म्हणतात.

नेमुरोचा समुद्र खोल. मी तळाला टेकतच नसे.

"तोराकिचीदादा, समुद्र आटायची वाट बघताय का?" शेजारी हसत. "जोड द्या की तिला!"

"मला परत जायचंय," तो म्हणे. "तिथे लांब काठी घेऊन काय करू?"

तो वाट बघतच गेला. मी पडवीत धूळ खात राहिले. मग एके दिवशी जावयाने, किन्झोने, मोठ्या हौसेने मला नवं लाकूड जोडलं, वरून दोरी गुंडाळली आणि डांबर फासलं. फुसाए बाजारातून आली ती दारातच थबकली.

"अहो, हे काय करून बसलात?"

"वाया चालली होती. आता कामाला येईल."

"आईच्या कबरीचं माप होतं ते!"

किन्झो त्या दिवशी मान खाली घालून जेवला. मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं करण्याआधी घरात एकदा विचारत जा. तिने काय सांभाळून ठेवलंय, ते वरून दिसत नाही.

फुसाएचे केस पांढरे झाले तेव्हा कबरींच्या दर्शनाला जाणाऱ्या बोटीत तिला आणि किन्झोला जागा मिळाली, आणि तिने मला बरोबर घेतलं. त्या बोटीत पासपोर्ट चालत नाही. तो दाखवला तर बेट रशियाचं आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. नुसता ओळखीचा कागद लागतो. किनाऱ्यावर एका तरुण सैनिकाने मला अडवलं. दुभाषा म्हणाला, "तो विचारतोय, आजी, मासे मारायला आलात का?"

"म्हणावं, मासे तुलाच राहू देत. मला माझी आई शोधायचीय."

सैनिक बाजूला झाला. बेटावर कमरेएवढं गवत होतं. घर नाही, अंगण नाही. काळा खडक तेवढा होता. जोड सोडवायला किन्झोकडे चाकू नव्हता, तर सैनिकाने आपला काढून दिला. दोरी कापता कापता किन्झोचे हात थांबले.

"फुसाए, तेव्हा बोललो नाही. टोक चिरलं होतं गं. थोडं कापलं मी."

"किती?"

त्याने तीन बोटं जुळवून दाखवली. फुसाएने मला उचललं आणि खडकाला टेकवलं.

एक. दोन. तीन. चार.

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी गवत उपटू लागली. माझ्या टोकापासून बारा बोटं पुढे पहिला पांढरा गोटा निघाला.